धनुष्य हातात, रक्षण कमरेला

मंडळी, माडावर चढणारा गडी कोयता कुठे ठेवतो, ते तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. तो कोयता कमरेच्या आकडीला अडकवतो. त्यामुळे दोन्ही हात मोकळे राहतात आणि पाहिजे तेव्हा कोयता हाती येतो. समजा, कोयता खाली बुंध्याशीच राहिला. मग शेंड्यावर पोचल्यावर त्याचा काय उपयोग? कोयता आपला आहे, त्याला धारही आहे, पण तो हाताशी नाही. म्हणजे असून नसल्यासारखाच.

आजचा धडा याच गोष्टीचा आहे. तो घडतो मात्र दूर अमेरिकेत. तिथे माडाच्या जागी अस्वलांचे रान आहे आणि कोयत्याच्या जागी मिरचीचा फवारा आहे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. आपल्या देशात १९७२ साली वन्य जीव संरक्षण कायदा झाला. रानातल्या जनावरांची शिकार आपल्याकडे कायद्याने बंद आहे. बंदुकीने करा, धनुष्याने करा, नाहीतर फासे लावून करा, तो गुन्हाच. अमेरिकेत निराळे आहे. तिथे ठरलेल्या हंगामात, सरकारी परवाना काढून, ठरलेल्या जनावरांची शिकार करता येते. तेव्हा हा धडा शिकार शिकवण्यासाठी नाही. रानात गेलेल्या माणसाने आपला जीव कसा राखावा, एवढेच यातून घ्यायचे आहे. रानात तर आपल्यालाही जावे लागते.

१. ते रान आणि ते अस्वल

अमेरिकेच्या पश्चिम भागात रॉकी नावाचा मोठा पर्वत आहे. आपल्या सह्याद्रीसारखा तोही उत्तर-दक्षिण पसरला आहे, पण सह्याद्रीहून पुष्कळ उंच. मोंटाना, वायोमिंग आणि आयडाहो ही तिथली तीन राज्ये. या तीन राज्यांच्या हद्दी मिळतात, त्या बाजूला यलोस्टोन नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. ते १८७२ साली झाले. जगातले पहिले राष्ट्रीय उद्यान म्हणून त्याचे नाव सांगतात. उद्यानाच्या आत शिकारीला बंदी आहे. पण बाहेर सरकारी राने कोसच्या कोस पसरली आहेत. शिकारी परवाना घेऊन तिथे जातात.

या रानात एल्क नावाचे जनावर असते. ते हरणांच्या जातीचे, पण आपल्या सांबरापेक्षाही थोराड. पुरता वाढलेला नर तीनशे किलोच्या घरात भरतो. त्याची शिंगे झाडाच्या फांद्यांसारखी फुटलेली असतात.

त्याच रानात ग्रिझली नावाचे अस्वल राहते. त्याचा रंग तपकिरी. खांद्यांवर बैलाच्या वशिंडासारखा उंचवटा. पुढच्या पंजाची नखे माणसाच्या बोटाएवढी लांब. तिथले मोठे नर अस्वल तीनशे किलोपर्यंत भरते. एवढे जड जनावर म्हणजे ते सावकाश चालत असेल, असे आपल्याला वाटेल. तसे नाही. ते धावू लागले की ताशी पन्नास किलोमीटरहून जास्त वेगाने धावते. याचा हिशेब करून पाहू. अस्वल शंभर फुटांवर आहे. ते तुमच्या अंगावर धावले. तुमच्याजवळ वेळ किती? दोन सेकंद, फार तर त्याहून थोडा अधिक. तुम्ही तोंडाने 'एक, दोन' म्हणेपर्यंत ते तुमच्यापाशी पोचलेले असते. हा हिशेब नीट लक्षात ठेवा. पुढे सगळा धडा याच हिशेबावर उभा आहे.

एके काळी माणसांनी ही अस्वले मारून मारून फार थोडी उरवली होती. १९७५ साली अमेरिकेच्या सरकारने त्यांना कायद्याचे संरक्षण दिले. त्या वेळी यलोस्टोनच्या आसपास दीडशेसुद्धा अस्वले नव्हती. आता ती हजाराच्या आसपास आहेत. अस्वले वाढली, तशी ती नव्या नव्या रानांत पसरली. त्यामुळे माणसाची आणि अस्वलाची गाठ पूर्वीपेक्षा जास्त वेळा पडू लागली.

२. धनुर्धाऱ्याला धोका जास्त का?

अस्वलाच्या रानात कसे वागावे, याचे काही नियम तिथले वनखाते सर्वांना सांगते. ते असे :

एकट्याने जाऊ नका. चार माणसे मिळून जा.
मोठ्याने बोलत चला. टाळ्या वाजवा. तुम्ही येत आहात हे अस्वलाला आधी कळू द्या.
भल्या पहाटे आणि तिन्हीसांजेला फिरू नका.
मेलेले जनावर पडले असेल, तिकडे जाऊ नका.

आता धनुष्यबाण घेऊन निघालेला शिकारी काय करतो ते पाहा. बंदुकीची गोळी लांब जाते. बाण तसा जात नाही. बाण नेमका लागायचा, तर जनावराच्या साठ ते सव्वाशे फूट जवळ जावे लागते. म्हणून धनुर्धारी बहुधा एकटा, नाहीतर दोघे मिळून जातात. ते पाऊल वाजू देत नाहीत. पालापाचोळ्याच्या रंगाचे कपडे घालतात. वारा समोरून येत असेल अशा बाजूने चालतात, म्हणजे माणसाचा वास जनावराला लागत नाही. पहाटे आणि संध्याकाळी जनावरे चरायला निघतात, म्हणून तेही त्याच वेळी निघतात. आणि शेवटी बाण लागलेले जनावर शोधायला ते स्वतःच्या पायांनी मढ्याकडे जातात.

म्हणजे वनखात्याचे चारही नियम इथे मोडले जातात. शिकारी मुद्दाम मोडतो असे नव्हे. हे नियम पाळले तर एल्क हाती लागत नाही. पण एल्कला जे कळू नये म्हणून धडपड चालते, ते अस्वलालाही कळत नाही. झुडपाआड अस्वली पिल्लांना घेऊन बसलेली असते. माणूस आवाज न करता अगदी तिच्या पुढ्यात जातो. अस्वली दचकते. पिल्लांच्या काळजीने ती थेट अंगावर येते.

यात हंगामाची भर पडते. धनुष्याने एल्क मारण्याचा मुख्य हंगाम सप्टेंबर महिन्यात असतो. तो एल्कच्या माजाचा काळ. नर शीळ घातल्यासारखा लांब सूर काढून ओरडतो. शिकारी तोंडातल्या पट्टीने मादीसारखा आवाज काढून त्याला जवळ बोलावतात. पण तो आवाज अस्वलही ऐकते. त्याला वाटते, इथे खायला जनावर आहे. मग कधी नर एल्कऐवजी अस्वलच हाकेला ओ देते!

शिवाय या दिवसांत अस्वल फार भुकेले असते. हिवाळ्यात चार-पाच महिने ते गुहेत नाहीतर बिळात निजून राहते. तेवढ्या काळाची चरबी त्याला आधी अंगावर साठवावी लागते. म्हणून ते दिवसरात्र खाण्याच्या मागे हिंडत असते. अशा वेळी त्याच्यापुढे मांस पडले, तर ते सोडील का?

३. बाण लागल्यावरचा धोका

बाण लागला म्हणजे जनावर जागच्या जागी पडते, असे पुष्कळांना वाटते. बाणाच्या टोकाला धारदार पाती असतात. त्यांनी आत जखम होते, रक्त वाहते आणि जनावर मरते. त्याला वेळ लागतो. तेवढ्यात ते दूर पळून जाते. शिकारी लगेच मागे धावत नाही. मागे धावले तर ते आणखी पळते. म्हणून तो अर्धा तास, कधी त्याहून जास्त थांबतो. मग रक्ताचे थेंब पाहत पाहत माग काढतो. संध्याकाळी बाण लागला असेल तर अंधार पडतो. मग माग दुसऱ्या दिवसावर जातो.

रात्रभर मढे रानात पडते. अस्वलाचे नाक फार तिखट. वाऱ्यावरून वास लागला की ते तिथे येऊन पोचते. पोटभर खाते. उरलेल्यावर माती आणि पाला लोटून ते झाकून ठेवते आणि जवळच झुडपात राखण करीत बसते. मग सकाळी शिकारी येतो. त्याला वाटते, शिकार माझी. अस्वलाला वाटते, माझी. भांडण कोण जिंकणार, ते सांगायला नको.

कोणी म्हणेल, "अहो, त्याच्याजवळ धनुष्य आहे की! मारील एक बाण." पण धनुष्य ओढायला दोन्ही हात लागतात. बाण लावायचा, दोरी ओढायची, नेम धरायचा, याला दोन सेकंद पुरत नाहीत. आणि बाण लागला तरी अस्वल त्याच क्षणी पडत नाही. तेवढ्या वेळात ते माणसाला फाडून काढील. म्हणून धनुष्य हे शिकारीचे हत्यार खरे, पण अस्वलापुढे ते रक्षणाचे हत्यार नव्हे. रक्षणासाठी वेगळे काहीतरी जवळ बाळगावे लागते.

४. मिरचीचा फवारा

मिरची कांडताना ठसका लागतो, डोळ्यांतून पाणी येते, हे घराघरांत माहीत आहे. मिरचीतला जो तिखट अंश आहे, त्यानेच हे होते. हा अंश काढून तो एका डब्यात दाबाने भरतात. डबा साधारण पाण्याच्या लहान बाटलीएवढा. वरचा खटका दाबला की लाल-नारिंगी धुराचा लोट जोराने बाहेर पडतो. तो पंचवीस-तीस फुटांपर्यंत जातो. अस्वल त्या लोटात शिरले की त्याचे डोळे मिटतात, नाक आणि घसा जळू लागतो, श्वास कोंडतो. मग बहुतेक वेळा ते पाठ फिरवून पळते. थोड्या वेळाने त्याची आग शमते. ते मरत नाही, आंधळे होत नाही. माणूसही वाचतो आणि जनावरही वाचते.

१९८० नंतरच्या दहा वर्षांत मोंटानाच्या विद्यापीठात अस्वलांवर याचे प्रयोग झाले. तेव्हापासून हा फवारा विकायला येऊ लागला.

तो खरोखर कामाचा आहे का? अभ्यासकांनी अलास्का या राज्यात १९८५ ते २००६ या काळातल्या हकिकती गोळा केल्या. माणसाने फवारा वापरला अशा ८३ हकिकती मिळाल्या. त्यांचा हिशेब २००८ साली छापून आला. ग्रिझली हे तपकिरी अस्वलांपैकीच. तपकिरी अस्वलावर फवारा मारला, तेव्हा शंभरात ९२ वेळा अस्वलाने आपला चाळा सोडला. फवारा जवळ असलेल्या माणसांची अस्वलाशी अगदी जवळून गाठ पडली, तेव्हा शंभरातल्या ९८ जणांना काहीही इजा झाली नाही. ज्यांना झाली, त्यांच्या जखमा हलक्या होत्या.

मग बंदूक किंवा पिस्तूल का नको? पुष्कळ शिकारी तेही बाळगतात. पण अंगावर धावून येणाऱ्या अस्वलाला वर्मी गोळी घालणे सोपे नाही. हात कापतात. नेम चुकतो. जखमी अस्वल आणखी चवताळते. अभ्यासकांनी २०१२ साली बंदुकीच्या २६९ हकिकतींचाही हिशेब छापला. ज्यांनी बंदूक चालवली आणि ज्यांच्याजवळ ती असून चालवली नाही, त्या दोघांच्या इजेत फारसा फरक त्यांना दिसला नाही. फवाऱ्याला बारीक नेम लागत नाही. समोर लोट उभा केला की पुरे. हा त्याचा मोठा गुण.

पण मंडळी, फवारा म्हणजे ताईत नव्हे. तो गळ्यात बांधला आणि भीती गेली, असे होत नाही. पुढची हकीकत वाचा.

५. २०१८ सालची हकीकत

वायोमिंग राज्यात टेटन नावाचे रान आहे. २०१८ सालच्या सप्टेंबर महिन्यात एक वाटाड्या आणि एक शिकारी घोड्यांवरून तिथे गेले. वाटाड्या म्हणजे शिकाऱ्यांना रान दाखवून त्यावर पोट भरणारा माणूस. तो अनुभवी होता. शिकाऱ्याने एल्कला बाण मारला. बाण लागला, पण त्या दिवशी जनावर सापडले नाही. दुसऱ्या दिवशी दोघांनी माग काढला. जनावर मेलेले सापडले. दोघे ते कापून साफ करू लागले.

त्यांच्याजवळ एक पिस्तूल होते. ते काही अंतरावर सामानाबरोबर ठेवलेले होते.

एकाएकी एक अस्वली आणि तिचे मोठे झालेले पिल्लू त्यांच्यावर धावून आले. अस्वलीने वाटाड्याला धरले. शिकारी सामानाकडे धावला. पिस्तूल त्याच्या हाती आले. पण माणूस आणि अस्वल एकमेकांत गुंतलेले. गोळी झाडली तर ती कोणाला लागेल? त्याला ती झाडता आली नाही. तेवढ्यात अस्वली त्याच्याकडे वळली आणि तिने त्याला पायाला धरून ओढले. त्याने पिस्तूल वाटाड्याच्या दिशेने फेकले. ते पोचले नाही. शिकारी जखमी होऊन कसाबसा घोड्यापर्यंत गेला आणि मदत आणायला निघाला.

वाटाड्याचे प्रेत दुसऱ्या दिवशी सापडले. त्याच्याजवळ फवारा होता आणि तो त्याने उडवलाही होता, असे तपासात दिसले. पण फवारा उडाला तो अस्वलीने झडप घातल्यानंतर. पुढे वनखात्याच्या लोकांनी ती अस्वली आणि तिचे पिल्लू दोन्ही मारली. म्हणजे एक घरचा कर्ता माणूस गेला आणि दोन जनावरेही गेली.

मेलेल्या माणसाला दोष देण्यासाठी ही हकीकत सांगितली नाही. दोन सेकंदांचा हिशेब आठवा. त्या दोन सेकंदांत शहाणा माणूससुद्धा काय करील? पण मागे राहिलेल्यांनी त्यातून शिकायला हवे. पिस्तूल रानात होते, पण हाताशी नव्हते. काम करताना दोघांचेही डोळे खाली, मढ्यावर होते. सगळ्यात धोक्याची जागा तीच असून तिथे पहाऱ्याला कोणी नव्हते. तहान लागल्यावर विहीर खणून चालत नाही, असे आपण म्हणतो. संकट आल्यावर गाठोडे सोडूनही चालत नाही.

६. फवारा कुठे ठेवावा, कसा वापरावा

तिथले जाणते लोक धनुर्धाऱ्याला असे सांगतात :

(१) फवारा कमरेच्या पट्ट्याला नाहीतर छातीवरच्या पट्ट्याला लावा. पाठीच्या पिशवीत ठेवू नका. बसताना, जेवताना, जनावर कापताना, झऱ्यावर पाणी भरायला जातानासुद्धा तो अंगावरून काढू नका. धनुष्य एका हातात असते. म्हणून दुसऱ्या हाताने तो चटकन निघतो की नाही, ते आधी पाहा.

(२) प्रत्येकाचा फवारा वेगळा असू द्या. चौघांत मिळून एक, हे चालणार नाही. तो ज्याच्याजवळ असेल, नेमका तोच खाली पडला तर?

(३) घरी सराव करा. तिखट न भरलेले डबे सरावासाठी मिळतात. डबा काढणे, खटक्यावरची अडसर-पट्टी उडवणे, खटका दाबणे, हे न पाहता जमले पाहिजे.

(४) अस्वल धावून आले तर धनुष्य खाली टाका. धनुष्य पुन्हा विकत मिळते. फवारा दोन्ही हातांनी धरा. अस्वल साठ-सत्तर फुटांवर असतानाच खटका दाबायला लागा. लोट तीस फुटांपर्यंत जाईल आणि अस्वल धावत त्यातच शिरेल. नेम किंचित खाली धरा, म्हणजे लोट त्याच्या डोक्यावरून जाणार नाही.

(५) वाऱ्याकडे लक्ष ठेवा. वारा तोंडावर येत असेल तर थोडे तिखट आपल्याही डोळ्यांत जाईल. तरी अस्वल अंगावर येत असताना थांबू नका.

(६) डब्यावर मुदतीची तारीख छापलेली असते. ती वाचा. जुन्या डब्याचा दाब कमी होतो आणि लोट जवळच पडतो. पाहा, दोन अक्षरे वाचता येणे इथेही जिवाच्या कामी येते!

(७) फवारा कपड्यांवर किंवा तंबूवर मारून ठेवू नका. काही लोकांना वाटते, त्या वासाने अस्वल दूर राहील. उलट वाळलेल्या तिखटाच्या वासाने ते हुंगत जवळ येते.

मढ्याजवळचे नियम वेगळे. तिकडे जाताना आता गुपचूप जायचे कारण नाही, म्हणून मोठ्याने बोलत जा. आधी दुरून उंचावरून पाहा. कावळे, गिधाडे उडत आहेत का? मढे जागचे हलले आहे का? त्यावर माती लोटली आहे का? तसे असेल तर ते अस्वलाचे झाले. मुकाट्याने परत फिरा. अस्वल दिसत नसेल तर एकाने कापावे आणि दुसऱ्याने हातात फवारा घेऊन चहूकडे पाहत उभे राहावे. काम झटपट उरकावे. मांस आतड्यांपासून दूर, मोकळ्या जागी न्यावे.

आणि एवढे करूनही अस्वल अंगावर आलेच तर? पळू नका. त्याच्यापुढे कोणी पळू शकत नाही. फवाऱ्यानेही ते थांबले नाही आणि त्याने धरले, तर पोटावर पालथे पडा. दोन्ही हात मानेमागे गुंफून मान झाका. पाठीवर पिशवी असेल तर ती राहू द्या, तिने पाठ वाचते. पाय फाकून ठेवा, म्हणजे अस्वलाला तुम्हाला उलटे करता येणार नाही. निपचित पडून राहा. आपल्याला आता भीती नाही असे वाटले, की घाबरलेले ग्रिझली बहुधा निघून जाते. ते गेल्याची खात्री होईपर्यंत हलू नका. पण ते सोडतच नसेल, किंवा रात्री तंबूत शिरून धरत असेल, तर ते भ्यालेले नाही, भुकेले आहे. तेव्हा मात्र हाती येईल त्याने त्याच्या तोंडावर आणि डोळ्यांवर मारा.

७. आपल्या रानात

आता आपल्याकडे वळू. चंद्रपूर, गडचिरोली, मेळघाट, बुलढाणा या बाजूंच्या रानांत अस्वले आहेत. ते अस्वल ग्रिझलीहून लहान, काळे आणि झुपकेदार केसांचे. त्याला वाळवी, मुंग्या, मध आणि मोहफुले आवडतात. ते कान आणि डोळे यांनी जरा मंद. वारूळ उकरताना ते तल्लीन झालेले असते. माणूस जवळ आला तरी त्याला कळत नाही. एकाएकी दिसला की ते दचकते आणि माणसाच्या डोक्यावर, तोंडावर झडप घालते.

फाल्गुन-चैत्रात आपली माणसे पहाटे मोहफुले वेचायला जातात. मग तेंदूपानांचा हंगाम येतो. मोह वेचणारा खाली वाकलेला असतो. त्याचा आवाज होत नाही. वेळ पहाटेची. म्हणजे धनुर्धाऱ्याचा आणि त्याचा धोका एकाच जातीचा. शिकारी हौसेने जातो. आपला माणूस पोटासाठी जातो. एवढाच काय तो फरक.

तो तिखट फवारा आपल्या गावबाजारात मिळत नाही. मग पुडीतले तिखट घेऊन जावे का? त्यावर भिस्त ठेवू नका. हाताने फेकलेली पूड लांब जात नाही. वारा फिरला तर ती आपल्याच डोळ्यांत येते. पण त्या परदेशी लोकांच्या धड्यातले खरे सार आपल्याला फुकट मिळते. ते असे.

पहिले रक्षण म्हणजे आवाज. धनुर्धाऱ्याला गुपचूप जावे लागते. आपल्याला तशी गरज नाही. मोहफुले आवाज ऐकून पळून जात नाहीत! तेव्हा चार जणांनी मिळून, बोलत, हाका देत जावे. घुंगुरकाठी असेल तर ती आपटत जावे. घुंगरांचा आवाज अस्वलाला आपली वर्दी देतो आणि बहुधा ते आपणच बाजूला होते.

दुसरे रक्षण म्हणजे उजेड. चांगले दिसू लागल्यावरच झाडाखाली जावे. थोडी फुले कमी मिळतील, पण घरी परत येऊ.

तिसरे रक्षण म्हणजे पहारा. सगळ्यांनी एकदम वाकू नये. पाळीपाळीने एकाने उभे राहून चहूकडे पाहावे.

चौथे म्हणजे काठी. ती झाडाला टेकवून दहा पावले दूर वेचत बसू नये. टोपली जिथे, काठी तिथे. काठी अस्वलाला मारायला नव्हे, ते आलेच तर त्याच्या आणि आपल्या मध्ये धरायला आहे. अस्वल दूर दिसले तर दगड मारू नये, मागे लागू नये. त्याच्याकडे पाहत पाहत सावकाश मागे सरावे. अंगावर आले आणि आपण पडलो, तर पालथे होऊन तोंड, डोके आणि मान झाकावी.

वाघाचे वागणे अस्वलाहून निराळे आहे. त्याचा धडा वेगळा वाचू. पण मिळून जाणे, उजेडात जाणे आणि एकाने उभे राहणे, हे तिथेही उपयोगीच पडते.

त्या दोघांजवळचे पिस्तूल काही पावलांवर होते. ती काही पावले त्यांना फार महाग पडली. उद्या रानात निघताना आपल्या काठीकडे पाहा आणि स्वतःला विचारा, ही माझ्या हाताशी किती वेळ राहणार आहे?

वाचून झाल्यावर आपसांत बोला

१. अस्वल शंभर फुटांवरून धावले तर आपल्याजवळ किती वेळ असतो?
२. वनखात्याचे चार नियम कोणते? धनुर्धाऱ्याला ते का पाळता येत नाहीत?
३. फवारा पाठीच्या पिशवीत का ठेवू नये?
४. मढ्यावर माती लोटलेली दिसली तर काय समजावे?
५. आपल्या गावची माणसे रानात जातात तेव्हा पहाऱ्याला कोण उभे राहते? कोणी राहत नसेल, तर उद्यापासून कोण राहील ते ठरवा.